पिकअपला ट्रेलर जोडताना : उंची बदलता येणारा हिच कसा निवडावा

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ट्रॉली कशी ओढतात हे शिकवावे लागत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वाटेवर उसाने लादलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस दिसतात आणि ट्रॅक्टरच्या हुकात रिंग घालून वरून पिन सोडणे हे काम शाळकरी पोरसुद्धा करते. पिकअपच्या बाबतीत मात्र हीच सवय दिशाभूल करते. ट्रॅक्टर सावकाश चालतो, त्याच्या पिनला मुद्दामच ढिलाई ठेवलेली असते आणि चार चाकांच्या ट्रॉलीचा भार त्या पिनवर जवळजवळ येतच नाही. पिकअप महामार्गावर ताशी साठ किलोमीटरने धावते, तिचे मागचे पाटे मालानुसार खालीवर होतात आणि दोन चाकांच्या छोट्या ट्रेलरच्या दांडीचा भार थेट तिच्या शेपटीवर पडतो. म्हणून खानापूरकडे भातशेतीसाठी पॉवर टिलर नेणारा शेतकरी असो, काँक्रीट मिक्सर फिरवणारा बांधकाम ठेकेदार असो किंवा मांडवाबरोबर जनरेटर नेणारा व्यावसायिक असो, प्रत्येकाने हिच, म्हणजे ट्रेलर अडकवण्यासाठी गाडीच्या मागे बसवायची जोडणी, विकत घेण्याआधी काही मोजमापे स्वतः घेणे आवश्यक आहे.

उंची बदलता येणाऱ्या हिचमध्ये एक चौकोनी दांडा असतो, तो पिकअपच्या चासीला बसवलेल्या चौकोनी खोबणीत म्हणजे रिसिव्हरमध्ये जातो. दांड्याच्या टोकाला ओळीने भोके असलेली उभी पट्टी असते आणि बॉल (ज्यावर ट्रेलर अडकतो तो पोलादी गोळा) बसवलेला भाग त्या पट्टीवर हव्या त्या भोकात पिनांनी अडकवता येतो. ही रचना उंची जुळवते, एवढेच तिचे काम आहे. गाडीची ओढण्याची क्षमता तिच्यामुळे एक किलोनेही वाढत नाही, हे दुकानदाराने सांगितले नाही तरी लक्षात ठेवावे.

आधी कागदपत्रे

खरेदीची सुरुवात दुकानात न करता गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेपासून करावी. ब्रेक असलेला आणि ब्रेक नसलेला ट्रेलर किती वजनाचा ओढता येईल, हे तिच्यात स्वतंत्रपणे दिलेले आहे का ते पाहावे. आकडा सापडला नाही, तर अधिकृत विक्रेत्यामार्फत उत्पादकाकडून तो लेखी मागवावा; ‘सगळेच ओढतात की’ हे उत्तर पुरेसे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लावले आहे. त्यामुळे रिसिव्हर बसवण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात, मग ते बेळगावचे असो की चिकोडीचे, विचारणा करून घ्यावी.

ट्रेलर हेही कायद्याने स्वतंत्र वाहन आहे आणि त्याला स्वतःची नोंदणी लागते. ०.७५ टनापर्यंतचे ट्रेलर टी१ या वर्गात आणि त्यावरचे ३.५ टनापर्यंतचे टी२ या वर्गात मोडतात. आपल्याकडे सकाळी बेळगावात असलेली गाडी दुपारी कोगनोळी ओलांडून कागलला किंवा शिनोळीवरून चंदगडला जाते. दोन राज्यांतल्या तपासणीला तोंड द्यायचे असल्याने पिकअपचे आणि ट्रेलरचे कागद एकाच पाकिटात ठेवणे सोयीचे.

वजनकाट्यावर दोन नव्हे, तीन नोंदी

ट्रेलरचे वजन अंदाजाने धरू नये. आपल्या भागात ऊस, गूळ, तंबाखू आणि धान्य यांच्या व्यापारामुळे वजनकाटे जागोजागी आहेत आणि तीन पावत्यांचा खर्च हिचच्या किमतीपुढे किरकोळ आहे. पिकअपमध्ये नेहमीचा माल, चालक आणि डिझेल ठेवून पहिली नोंद फक्त पिकअपची घ्यावी. नंतर ट्रेलर जोडून दोन्ही वाहने काट्यावर घेऊन दुसरी नोंद घ्यावी. तिसऱ्या नोंदीच्या वेळी ट्रेलर जोडलेलाच ठेवावा, पण पिकअपची चारही चाके काट्यावर आणि ट्रेलरची चाके काट्याबाहेर येतील असे उभे राहावे.

समजा, पहिली नोंद २,३०० किलो, दुसरी ३,४०० किलो आणि तिसरी २,४२० किलो आली. दुसरीतून पहिली वजा केली की ट्रेलरचे भरलेले वजन १,१०० किलो मिळते. तिसरीतून पहिली वजा केली की १२० किलो मिळतात. हा ट्रेलरच्या दांडीचा बॉलवर पडणारा उभा भार होय. तो एकूण वजनाच्या सुमारे ११ टक्के झाला. मोठ्या वजनकाट्यावर पाच-दहा किलोंचा फरक सहज राहतो, म्हणून भाराची फेरतपासणी धान्याच्या दुकानातल्या जमिनीवरच्या काट्यावर करावी. ट्रेलरची चाके अडवून, दांडी नेहमीच्या उंचीवर राहील असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवावा, त्यावर दांडी टेकवावी आणि ठोकळ्याचे वजन वजा करावे.

या उभ्या भाराचे प्रमाण किती असावे, याबद्दल दोन परंपरा आहेत. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार योग्य मानतात. युरोपात हलक्या गाड्या आणि वेगळ्या बांधणीचे ट्रेलर असल्याने ४ ते ७ टक्क्यांवर काम चालते. आपल्याकडच्या पाट्यांच्या पिकअपसाठी आणि गावात बनवलेल्या ट्रेलरसाठी १० टक्क्यांच्या आसपास राहणे मला अधिक सुरक्षित वाटते, अर्थात रिसिव्हरवर आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेली उभ्या भाराची मर्यादा ओलांडली जात नसेल तरच. भार फार कमी असेल, म्हणजे माल ट्रेलरच्या मागच्या बाजूला जास्त असेल, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवू लागतो. पॉवर टिलरचे इंजिन एका टोकाला असते, म्हणून तो उलटा चढवला की सगळे गणित बदलते. चढवण्याची दिशा एकदा वजन करून ठरवावी आणि ट्रेलरच्या तळावर रंगाने खूण करून ठेवावी.

भार जास्त झाला तरीही अडचण येते. गाडीच्या दोन आसांमधले अंतर ३ मीटर आणि मागच्या आसापासून बॉलचे अंतर १.२ मीटर धरले, तर बॉलवरच्या १२० किलोंमुळे मागच्या आसावर १२० नव्हे, तर १६८ किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरून ४८ किलो उचलले जातात. बाजेच्या एका टोकाला बसल्यावर दुसरे टोक उचलले जाते, तसाच हा प्रकार आहे. पुढची चाके हलकी झाली की चोर्ला घाटातल्या ओल्या वळणावर स्टिअरिंग पोकळ लागते. शिवाय हे १२० किलो गाडीच्या हौद्यातल्या मालातूनच वजा होतात. हौदा पूर्ण क्षमतेने भरून वर ट्रेलर जोडण्याची पद्धत कितीही रूढ असली तरी ती चुकीची आहे.

उंचीचे मोजमाप

उंची बदलता येणारा हिच घ्यायचा तो याच कारणासाठी, आणि घाई होते तीही इथेच. माझ्या पहिल्या ट्रेलरच्या वेळी मी रिकाम्या पिकअपची उंची मोजली, डोळ्यांनी अंदाज घेतला आणि बॉल जरा वरच्याच भोकात बसवला. ट्रेलरचे नाक वर राहिले. वंटमुरीच्या उतारावर मागून कोणी ढकलावे तशी गाडी डोलू लागली आणि पुढचे पंधरा किलोमीटर मी बैलगाडीच्या वेगाने काढले. नाक वर असले की दांडीवरचा भार घटतो आणि ट्रेलरला झोके येतात, हे त्या दिवशी पुस्तकाशिवाय समजले.

मोजमापासाठी सिमेंटची सपाट जागा निवडावी. शेताच्या बांधावर किंवा उतरत्या अंगणात हे काम करू नये. दोन्ही वाहनांच्या टायरमध्ये ठरलेली हवा भरून घ्यावी. ट्रेलरच्या तळावर पाणसळ ठेवून दांडीखालचा जॅक फिरवत तळ तंतोतंत समपातळीत आणावा आणि त्या अवस्थेत जमिनीपासून कपलरच्या, म्हणजे दांडीच्या टोकाशी बॉलवर बसणाऱ्या भागाच्या, खालच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजावी. पिकअपच्या बाजूने जमिनीपासून रिसिव्हरच्या खोबणीच्या आतल्या वरच्या कडेपर्यंतची उंची घ्यावी. हिच विकणारे ‘उतार’, म्हणजे बॉलची बैठक रिसिव्हरपेक्षा किती खाली येते ते, मोजतात तो दांड्याच्या वरच्या कडेपासून बॉल ज्या पट्टीवर बसतो तिच्या वरच्या कडेपर्यंत. म्हणूनच ही दोन विशिष्ट टोके धरायची. कोणी बॉलच्या माथ्यापासून मोजून आकडा सांगत असेल, तर दोन मापांची सरमिसळ होऊन चार-पाच सेंटिमीटरची चूक सहज होते.

रिसिव्हर वर आणि कपलर खाली असेल, तर जो फरक येतो तेवढा उतार लागतो. कपलर वर असेल, तर तेवढाच चढ लागतो आणि त्यासाठी बहुतेक हिच उलटा फिरवून बसवता येतात.

आता पिकअप रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्थांत हे माप घ्यावे. एक उदाहरण मांडतो. रिसिव्हरची उंची रिकाम्या गाडीत ५९० मिलिमीटर आणि भरलेल्या गाडीत ५३० मिलिमीटर आहे. टिलरच्या ट्रेलरचा कपलर ४४० वर आणि मिक्सरचा ५०० वर आहे. टिलरसाठी रिकाम्या गाडीला १५० आणि भरलेल्या गाडीला ९० मिलिमीटर उतार लागेल. मिक्सरसाठी हेच आकडे ९० आणि ३० होतील. म्हणजे या मालकाला ३० ते १५० मिलिमीटरचा पल्ला हवा. ट्रेलर प्रत्यक्ष जोडल्यावर दांडीच्या भाराने गाडीची शेपटी आणखी दहा-बारा मिलिमीटर दबते, तेवढे प्रत्येक आकड्यातून वजा होतात. भोके साधारणतः एक इंचाच्या म्हणजे सुमारे २५ मिलिमीटरच्या अंतरावर असतात, त्यामुळे आकडा दोन भोकांच्या मध्ये आला तर खालचे भोक निवडावे. ट्रेलरचे नाक वीस-पंचवीस मिलिमीटर खाली असलेले चालते, वर असलेले चालत नाही. ट्रेलरला दोन आस असतील, तर ही सवलतही घेऊ नये, कारण तळ तिरका झाला की एकाच आसावर बहुतेक वजन येते आणि त्याचे टायर तापतात.

या उदाहरणातल्या मालकाला सहा इंच उताराचा हिच पुरतो. पुढेमागे लागेल म्हणून दहा इंचांचा घेण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. बॉल वरच्या भोकात असला तरी उभी पट्टी खाली लोंबतच राहते आणि आपल्या गावांच्या वेशीवरचे गतिरोधक ती ओरखडल्याशिवाय सोडत नाहीत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बॉल रिसिव्हरपासून जितका खाली, तितका ब्रेक मारताना आणि ओढताना रिसिव्हरला जास्त पीळ बसतो: ४ किलोन्यूटनचा धक्का १०० मिलिमीटर उतारावर ४०० न्यूटन-मीटर पीळ देतो, तर २०० मिलिमीटर उतारावर ८००. काही उत्पादक मोठ्या उतारासाठी कमी क्षमता देतात, ती पाटीवर पाहावी.

क्षमता सर्वांत कमी आकड्याची

साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत असते, तसेच येथे आहे. गाडी, रिसिव्हर, हिच, बॉल, कपलर आणि ट्रेलर यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत कमी असेल, तोच संपूर्ण जोडणीचा आकडा धरावा. बाजारात आलेल्या हिचवर अमेरिकी पद्धतीने ट्रेलरचे एकूण वजन आणि दांडीचा भार असे दोन आकडे पौंडात कोरलेले असतात. एक पौंड म्हणजे ०.४५४ किलो. युरोपीय पद्धतीच्या पाटीवर ‘डी’ मूल्य, म्हणजे जोडणी किती आडवी ओढ सोसेल याचा आकडा, किलोन्यूटनमध्ये असते. ते काढण्यासाठी गाडीचे कमाल एकूण वजन आणि ट्रेलरचे वजन टनात घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याला दोहोंच्या बेरजेने भागावे आणि ९.८१ ने गुणावे. २.९ टनांची पिकअप आणि १.१ टनांचा ट्रेलर असेल, तर ३.१९ भागिले ४.० गुणिले ९.८१ म्हणजे सुमारे ७.८ किलोन्यूटन येते. पाटीवरचा आकडा यापेक्षा मोठा असावा. पाटीच नसलेला हिच कितीही जाडजूड दिसला तरी घेऊ नये.

बॉल, दांडा आणि पिना

बॉलचे माप कपलरवर कोरलेले असते, ते वाचूनच बॉल घ्यावा. येथे एक बारीक सापळा आहे. युरोपीय बॉल ५० मिलिमीटरचा आणि अमेरिकी दोन इंची बॉल ५०.८ मिलिमीटरचा असतो. फरक एका मिलिमीटरहूनही कमी असल्याने दुकानात दोन्ही एकच समजून दिले जातात. ५० मिलिमीटरच्या कपलरमध्ये दोन इंची बॉल नीट बसत नाही आणि वरची पकड पूर्ण लागत नाही. उलट केले तर ढिलाई राहते. याशिवाय १ ७/८ इंच आणि २ ५/१६ इंच ही मापेही प्रचलित आहेत. बॉलची नट साध्या पान्याने अंदाजाने आवळू नये. एक इंच जाडीच्या खोडाला साधारणतः ३४० न्यूटन-मीटर लागतात, म्हणून टॉर्क पाना असलेल्या कारखान्यातच ती आवळून घ्यावी.

रिसिव्हर आणि दांडा यांची मापे जुळली पाहिजेत. दोन इंची चौकोनी खोबण सर्वांत सोयीची असून तिला ५/८ इंच म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरची पिन लागते. उंची बदलण्याच्या भागाला एकाऐवजी दोन पिना असलेला हिच निवडावा आणि प्रत्येक पिनेला क्लिप किंवा कुलूप असावे. कुलूप चोरीपेक्षा खडखडाटाने पिन निसटू नये यासाठी अधिक उपयोगी पडते. दांडा खोबणीत सैल वाटत असेल, तर खडखड थांबवणारी पकडपट्टी मिळते; पत्र्याचे तुकडे ठोकून काम भागवू नये.

पोलाद की ॲल्युमिनियम, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. ॲल्युमिनियमचा हिच हलका आणि गंजमुक्त असतो, पण महाग पडतो. शिवाय तो पोलादी खोबणीत महिनोन्‌महिने ओला राहिला तर दोन धातूंच्या संगतीने तिथे पांढरी भुकटी जमून अडकतो. कणकुंबी, जांबोटी या भागात पावसाळाभर गाडी वापरणाऱ्याने जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी हिच घ्यावा, दांड्याला ग्रीस लावावे आणि काम नसेल तेव्हा तो काढून घरात ठेवावा. वेगवेगळ्या मापांचे तीन बॉल असलेला फिरता हिच दिसायला आकर्षक असतो. पण ज्याचे दोन्ही ट्रेलर एकाच मापाचे आहेत, त्याने त्यासाठी पैसे घालवण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट दुकानात आठवत नाही: मागचा फाळका उघडल्यावर हिचच्या उभ्या पट्टीवर आदळतो का, हे गाडीला लावूनच पाहावे.

स्थानिक कारागिरांकडून करून घेण्याबद्दल

उद्यमबागेतल्या कारखान्यांत होणारे यंत्रकाम उत्तम असते, यात वाद नाही. म्हणूनच ‘मालक, बारा एमएमच्या प्लेटीत दोन भोकं वाढवून देतो की, त्यात काय मोठं?’ असे कोणी म्हटले की नाही म्हणणे जड जाते. तरीही माझा सल्ला स्पष्ट आहे: रिसिव्हर आणि हिच हे चाचणी झालेले, पाटी असलेले घ्यावेत आणि स्थानिक कारागिराचे कौशल्य ते बसवण्यासाठी वापरावे. ओतीव लोखंडाचा बॉल तर कधीच वापरू नये. बॉल घडाई केलेल्या पोलादाचाच हवा, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, थेट तुटते. रिसिव्हर बंपरला न लावता चासीच्या दोन्ही मुख्य पट्ट्यांना, शक्यतो उत्पादकाने ठेवलेल्या भोकांतून, ८.८ किंवा १०.९ प्रतीच्या बोल्टांनी आवळावा. चासीला वेल्डिंग करू नये. उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो आणि भेग जोडाशेजारीच पडते. ट्रॅक्टर ट्रॉलीची रिंग पिकअपच्या टो हुकाला तारेने बांधून नेण्याचा प्रकारही दिसतो. तो हूक बंद पडलेली गाडी थोडे अंतर ओढण्यासाठी असतो.

जोडणी आणि पहिली फेरी

कपलर बॉलवर बसवून कडी लावल्यावर दांडीखालचा जॅक दोन-तीन वेळा फिरवून दांडी उचलून पाहावी. गाडीची शेपटीही बरोबर उचलली गेली, तर पकड पक्की आहे. सुरक्षा साखळ्या दोन असाव्यात आणि दांडीखालून एकमेकींना ओलांडून लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत राहते. वळणाला पुरेल एवढीच ढील ठेवावी.

सात पिनांच्या प्रचलित जोडणीत पहिली पिन डाव्या इंडिकेटरची, दुसरी मागच्या धुक्याच्या दिव्याची, तिसरी अर्थिंगची, चौथी उजव्या इंडिकेटरची, पाचवी उजव्या मागच्या दिव्याची, सहावी ब्रेक दिव्याची आणि सातवी डाव्या मागच्या दिव्याची असते. इंडिकेटर लावला की सगळे दिवे मंद लुकलुकत असतील, तर दोष बहुतेक वेळा तिसऱ्या पिनेत म्हणजे अर्थिंगमध्ये असतो.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात घ्यावी. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ट्रेलर हौद्याला लागतो का, ते पाहावे आणि उलटे घेण्याचा सराव करावा. सुमारे ५० किलोमीटरनंतर थांबून बॉलची नट, रिसिव्हरचे बोल्ट आणि पिनांच्या क्लिपा पुन्हा तपासाव्यात, कारण नवी जोडणी या टप्प्यावर सैल होते. रस्त्यात ट्रेलर डोलू लागला, तर जोराने ब्रेक मारू नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, थांबल्यावर माल पुढे सरकवावा किंवा बॉल एक भोक खाली घ्यावा.

बॉलला ग्रीस लावावे, मात्र कपलरमध्ये घर्षणपट्ट्या असलेली डोलरोधक रचना असेल तर बॉल पूर्ण कोरडा आणि स्वच्छ ठेवावा. वर्षातून एकदा, पावसाळा संपून हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, व्हर्नियरने बॉलचा व्यास तीन-चार दिशांनी मोजावा. ५० मिलिमीटरचा बॉल झिजून कुठेही ४९ मिलिमीटरवर आला असेल, तर तो बदलावा.